पेपर फुकट, पण कुणासाठी?

प्रश्न : चिपळूणजवळ शाळेत विज्ञान शिकवतो. नेटवर शोधनिबंध सापडतो, पण उघडायला गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात. आम्ही करायचं काय?

सर, पैसे भरू नका. गूगल स्कॉलरवर निबंधाचं पूर्ण नाव टाका. उजवीकडे पीडीएफ दिसली तर काम झालं. नाहीतर लेखकालाच दोन ओळींची मेल टाका. आपला निबंध कुणी मागितला की माणसं खूश होऊन पाठवतात. सरकारनं जर्नलांची एकत्र वर्गणी भरणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले, पण ते दार सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांचं. शाळामास्तर बाहेरच. हे मला खटकतं. तोवर बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'रेझोनन्स' वाचा, मोफत आहे.

प्रश्न : पीएचडी करतेय. एका 'आंतरराष्ट्रीय' जर्नलची मेल आली : ओपन ॲक्सेस (म्हणजे वाचकाला फुकट), तीन दिवसांत छापतो, फी १,८०० रुपये. गाइड म्हणतात, देऊन टाक.

देऊ नका. तीन दिवसांत निबंध तपासून होतच नाही. तपासनीस, म्हणजे त्याच विषयातले दुसरे जाणकार, 'हो' म्हणेपर्यंतच आठवडा जातो. मेख पैशात आहे. वाचकाकडून घ्यायचे ते पैसे लेखकाकडून घेतले, की जितके निबंध स्वीकारावेत तितकी कमाई. म्हणून असली दुकानं फोफावली. प्रतिष्ठितांचंही फार वेगळं नाही. 'नेचर' या नामांकित विज्ञान नियतकालिकानं २०२० मध्ये खुल्या प्रकाशनाचा दर जाहीर केला, ९,५०० युरो! वाचकाच्या दारावरचं कुलूप काढून लेखकाच्या दाराला लावलं, एवढंच.

मागे अशाच एका जर्नलच्या संपादक मंडळात ओळखीच्या प्राध्यापकांचं नाव दिसलं. फोन केला, तर त्यांना पत्ताच नव्हता. तुम्हीही मंडळातल्या दोघांना विचारा. मग डीओएजे ही खुल्या जर्नलांची यादी पाहा. लेखकाकडून फी न घेणारी जर्नलं तिथे वेगळी काढता येतात.

प्रश्न : तपासणीआधीच नेटवर टाकलेल्या 'प्रीप्रिंट'वर विश्वास ठेवावा का?

कच्ची बातमी म्हणून वाचा. जानेवारी २०२० च्या अखेरीस कोरोना विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे असल्याचा प्रीप्रिंट दिल्लीतून आला. इतर शास्त्रज्ञांनी चुका दाखवल्या आणि लेखकांनी तो दोन-तीन दिवसांत मागे घेतला. पण तपासणीसाठी न थांबण्याचा फायदाही असतो. त्याच महिन्यात, ११ तारखेला, विषाणूचा जनुकीय क्रम सर्वांसाठी खुला झाला, म्हणूनच लशीचं काम लगोलग सुरू झालं.

प्रश्न : मी वैद्य आहे. सगळं खुलं केलं तर परदेशी लोक पेटंट घेऊन बसतील. हळदीचं विसरलात?

वैद्यराज, हळदीची गोष्ट नीट पाहिली तर उलटंच निघतं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं, रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. 'आमची आजी लावायची' हे तेव्हा तिथे चालत नसे, छापील लागायचं. सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांपासून १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत कागद पुढे केले. छापलेलं होतं, म्हणून हळद वाचली.

तुमची भीती अगदीच पोकळ नाही, हेही खरं. २००१ मध्ये सुरू झालेलं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय वर्षानुवर्षं करार केलेल्या पेटंट कचेऱ्यांनाच उघडं होतं. औषधाचा पाठ, म्हणजे कृती, वाचून, थोडा फेरफार करून कुणी नवं पेटंट मागेल, ही धास्ती. तेव्हा तुमच्या घराण्यातला तोंडी पाठ छापायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा. फक्त तो वहीत आहे तोवर पेटंट कचेरीच्या लेखी नाहीच.