रोज ध्यान करतो, तरी ओरडतोच

"मॅडम, तसं मी रोज पाऊण तास आसनं, प्राणायाम, ध्यान सगळं करतो. पण दहा वाजेपर्यंत कुणावर तरी ओरडून झालेलं असतं."

हे इतक्या जणांकडून ऐकलंय की 'तसं मी रोज' एवढं कानावर पडलं तरी पुढचं कळतं. कुणाला वाटतं आसन चुकतंय, कुणाला वाटतं शिकवणारा बरोबर नव्हता. आणि बऱ्याच जणांनी मनातल्या मनात निकाल लावलेला असतो की आपला स्वभावच वाईट, याला योग तरी काय करणार! त्यातल्याच एका गृहस्थांची ही हकीगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पंचेचाळिशीचे गृहस्थ, हाताखाली बारा-पंधरा माणसं. माझ्याकडे यायला कारण झालं मुलीचं एक वाक्य. घरी पाहुणे असताना ती सहज बोलून गेली, "बाबा ध्यानाला बसले की आम्ही सगळे चवड्यांवर चालतो." सगळे हसले. यांना मात्र ते रात्रभर टोचत राहिलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी मोबाइल पुढे केला. ध्यानाच्या अ‍ॅपवर २१२ दिवसांची नोंद होती, एकही खाडा नाही. "आणि ओरडण्यात किती खाडे?" मी विचारून बसले. पहिल्या भेटीत असं बोलू नये हे मला कळतं, पण जीभ घसरली. ते हसले, आणि मग गप्प झाले.

"सकाळी बॅटरी फुल करायची, ती दिवसभर पुरली पाहिजे, असं माझं गणित आहे," ते म्हणाले.

"आणि कुणी मध्येच दार वाजवलं तर?"

"तर चार्जिंग होता होता प्लग काढल्यासारखं होतं. मग सुटतं तोंड."

खरी मेख इथे होती. शांतता म्हणजे साठवून पुरवून वापरायची वस्तू, अशी समजूत एकदा झाली की घरातलं प्रत्येक माणूस ती चोरायला आलेलं वाटू लागतं. मुलगी, बायको, कुकरची शिट्टी, सगळेच शत्रू.

चौथ्या भेटीत मी त्यांना डोळे मिटून नुसतं श्वासाकडे बघायला सांगितलं. दोनेक मिनिटं गेली असतील. टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, चेहराही शांत. पण श्वास थांबला, आणि उजव्या हाताचा अंगठा मुठीत शिरला. वरून चार बोटं घट्ट आवळली गेली. कपाळावर आठी आली ती त्यानंतर.

"काय झालं?"

"फोन वाजला. लक्ष गेलं. चीड आली."

"चीड यायच्या आधी?"

"आधी काही नाही. एकदम येते."

"उजव्या हाताकडे बघा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मूठ अजून तशीच होती. मग सावकाश म्हणाले, "हे मी मीटिंगमध्ये करतो. टेबलाखाली." थोड्या वेळाने, "मुलीला अभ्यासाला घेतो तेव्हापण."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या दिवशी जमलं, आणि त्याचं समाधान आजही आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या भागात, एकतिसाव्या सूत्रात हेच नोंदवून ठेवलंय. मन विचलित झालं की दुःख आणि उद्विग्नता यांच्याबरोबरच अंगाला कंप येतो, श्वास-प्रश्वास बिघडतात. म्हणजे शरीर वर्दी देतच असतं, आपण ती घेत नाही. योगसूत्रं १९५, काही पाठांत १९६. त्यांत आसनाबद्दल थेट बोलणारी तीनच. बाकीचा बराचसा पसारा मनाचाच आहे, हे आसनांच्या फोटोंकडे पाहून कुणाच्या लक्षात येत नाही.

सकाळचा अभ्यास ही तालीम आहे. त्यात मन भरकटतं, भरकटल्याचं लक्षात येतं, आपण परत येतो. ते लक्षात येणं हीच कमाई. दहा वाजता राग येणारच. तो तोंडापर्यंत पोहोचल्यावर दिसण्याऐवजी अंगठ्यात असतानाच दिसला, तर अभ्यास मुरतोय असं समजा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचं (माइंडफुलनेसचं) काम सुरू केलं. पुढे त्याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रूढ झाला. तिथे येणाऱ्यांत जुनाट दुखण्याचे रुग्ण बरेच होते. दुखणं नाहीसं होईल असं वचन त्यांना कुणी दिलं नव्हतं. दुखण्याशी असलेलं नातं बदलायचं होतं. रागाचंही तेच.

दुसरी गाठ मात्र विचारांतली होती, आणि मी मूळची विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, म्हणजे त्रासामागचे हट्टी विचार तपासणाऱ्या समुपदेशनातली, असल्यामुळे माझं लक्ष तिकडे जाणारच.

"राग आल्यावर स्वतःला काय म्हणता?"

"इतकं ध्यान करून मला राग यायलाच नको."

"यायलाच नको, हा नियम कुणाचा?"

उत्तर आलं नाही. ही पद्धत मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी दाखवून दिलं होतं की माणूस आधी अस्वस्थ होतो, आणि मग अस्वस्थ झाल्याबद्दल अस्वस्थ होतो. मुलीने दार वाजवलं याचा राग घटकाभरचा. 'माझी साधना वाया गेली' हा स्वतःवरचा राग दिवसभराचा, आणि तो पुन्हा तिच्यावरच निघायचा. 'राग न आला तर बरं, आला तरी मी काही वाया गेलेला नाही,' एवढं वाक्य त्यांच्या गळी उतरायला तीन भेटी लागल्या.

ज्यांची तक्रार हीच आहे, त्यांनी आधी आपला 'अंगठा' शोधावा. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे खांदे कानांकडे चढतात, कुणाच्या पायाची बोटं वळतात. आठवडाभर फक्त पाहा, सुधारू नका. मग ती खूण दिसली की तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, श्वास सोडणं लांबवा. सेकंदाला एक अशा बेताने चार आकडे घेताना, सहा सोडताना. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते, म्हणून भर सोडण्यावर. एरवी मोठा माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, या मोजणीने ते सहाच्या आसपास येतात. चार-पाच श्वास पुरतात आणि शेजारच्याला कळतही नाही. दम कोंडून धरायचा नाही, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर मुळीच नाही. आणि हे सगळं समोरचा बोलत असताना करायचं. वेगळी खोली, चटई, उदबत्ती काही लागत नाही. अ‍ॅपवरचे दिवस मोजणं मी बहुतेकांना बंदच करायला लावते. माझ्यावर रागावतात, पण करतात.

काहींना डोळे मिटून बसल्यावर उलट जास्त घाबरायला होतं, जुने आघात वर येतात. त्यांनी रेटून बसू नये. डोळे उघडे ठेवून चालणं चालेल, आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. ध्यान सुरू केलं म्हणून चालू औषधं आपल्या मनाने बंद करणारे मला दरवर्षी भेटतात. तसं कधीच करू नका.

ते गृहस्थ शेवटचे आले तेव्हा सांगत होते, मागच्याच आठवड्यात ऑफिसात एकदा आवाज चढला होता. मग म्हणाले, "काल सकाळी मुलीने दार उघडलं. मूठ वळलीच माझी. दिसली. म्हटलं, बोल."

"काय हवं होतं तिला?"

"मोजा सापडत नव्हता. एकच."

"मग?"

"शोधला. पलंगाखाली होता. ध्यानाची अकरा मिनिटं राहिली."