१९६९ चा शेवरलेट पिकअप घेऊन कमी खर्चात, पण रोज चालवता येईल असा उभा करायचाय, मित्राकडे १९७८ चा आहे. सुटे भाग दोघांत वाटून घेता येतील का? आणि रंगाचं काय?

येतील, आणि बरेच येतील. फक्त वरून बघून जे सारखे वाटतात तेच नेमके बसत नाहीत, आणि ज्यांच्याकडून काही आशा नसते ते मुकाट्याने बसतात. माझ्याकडे १९७० चा सी-१० (शेवरलेटचाच हा पिकअप) आहे, माझ्या मित्राकडे १९७९ चा, म्हणजे तुमचीच जोडी एक-एक वर्षाने पुढे सरकवलेली. दोघांनी मिळून भाग काढण्यासाठी म्हणून १९८७ चा तिसरा एक बंद पडलेला ट्रक घेतला होता. पुढे जे लिहितोय ते त्या तीन ट्रकच्या जिवावर.

आधी "कमी खर्चात, पण रोज चालवता येईल असा" या अटीबद्दल. बघायला गेलात की विकणारा बोनेट उघडून इंजिन दाखवेल. त्याला दाखवू द्या, पण तुम्ही खाली वाका. बंद पडलेलं इंजिन परवडतं, सडलेली केबिन परवडत नाही. शेवरलेटचं छोट्या ब्लॉकचं (स्मॉल ब्लॉक) आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन १९५५ पासून कारमध्ये आणि ट्रकमध्ये इतकं बसवलं गेलंय की एक गेलं तर दुसरं मिळतं, आणि ते बदलणं म्हणजे शेवटी नट-बोल्टांचं काम. पत्र्याचं काम म्हणजे वेल्डरचे तास, आणि ते किती होतील हे कापायला घेतल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. पायाखालची चटई उचला. दाराखालचा पत्रा, केबिनचे मागचे खालचे कोपरे, केबिन फ्रेमवर जिथे टेकते ती बैठक आणि छताच्या कडेची पन्हळ, या चार ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भुसभुशीत लागलं तर वरचा ताजा रंग कशासाठी मारलाय ते समजलं. आणि केबिनवरची गाडीच्या ओळखक्रमांकाची पट्टी कागदांशी जुळते का हे पैसे देण्याआधी बघा. दोन ट्रकचा एक ट्रक झाला असेल तर ते इथेच उघडं पडतं.

घरी आणल्यावर इंजिनला हात लावायची घाई करू नका. आधी ब्रेक. १९६९ ला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक १९७१ पासून आले. नीट जुळवलेले ड्रम रोजच्या वापराला पुरतात, फक्त पाण्यातून गेल्यावर थोडा वेळ भरवसा ठेवू नका. चाकांचे सिलिंडर आणि ब्रेकचे रबरी पाइप मात्र नवेच घाला, दिसायला कितीही चांगले असोत. माझ्या ट्रकचं पुढचं डावं चाक जाम व्हायचं. मी शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) काढले, ड्रम घासला, सिलिंडर बदलला, तरी तेच. पाइप कापून बघितला तर आतलं रबर फुगून भोक सुईएवढं उरलं होतं. पायाच्या जोराने तेल चाकाकडे जायचं, पण परत यायला वाट नव्हती. बाहेरून तो पाइप अगदी ठणठणीत दिसत होता.

डिस्क लावायच्याच असतील तर १९७१-७२ च्या ट्रकचा पुढचा संपूर्ण संच शोधा. पण एक लक्षात ठेवा, तुमच्या ट्रकची चाकं सहा बोल्टांची आहेत आणि १९७१ पासूनच्या सी-१० ची पाच बोल्टांची. पुढे पाच, मागे सहा असं झालं की दोन स्टेपन्या बाळगायच्या. मागचाही अॅक्सल बदलायची तयारी असेल तरच त्यात पडा. मित्राची स्टेपनी तुम्हाला चालणार नाही हेही यातच आलं. वाटणीतला पहिला अपेक्षाभंग हाच.

ब्रेकनंतर पेट्रोल. तुमच्या ट्रकची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. १९७३ पासून ती बाहेर फ्रेमच्या कडेला गेली, म्हणून मित्राची टाकीही उपयोगाची नाही. आत टाकी असण्याचा अर्थ असा की भरायच्या नळीचं आणि हवेच्या नळीचं जुनं रबर चिरलं की वास थेट नाकात येतो. अशा ट्रकमध्ये लोक खिडकी उघडी ठेवून वर्षानुवर्षं फिरतात आणि "जुन्या गाड्यांना असा वास येतोच" म्हणतात. येत नाही. सगळी रबरं बदला, टाकी धुऊन घ्या, फिल्टर घाला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळत असेल तर त्याला टिकणारेच पाइप घ्या, जुन्या प्रकारचं रबर त्यात लवकर मऊ पडतं.

आता इंजिनाकडे. वाटणीची खरी मजा इथे आहे. दोघांकडेही छोट्या ब्लॉकचं व्ही-८ असेल तर कार्बोरेटर, इंजिनवरचा पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग), हेडची पॅकिंग, थर्मोस्टॅट हे सगळं इकडचं तिकडे जातं. गिअरबॉक्सकडच्या तोंडावरची भोकंही तीच. २५० घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन असलं तरी तिथली भोकं व्ही-८ सारखीच असतात, हे फार जणांना माहीत नसतं. फ्रेमवरचे माउंट मात्र आपापले ठेवा. वॉटर पंप लांब आणि आखूड अशा दोन मापांचे आले, त्यामुळे पंप बदलायचा तर पुल्या आणि ब्रॅकेटसकट बदला, नाहीतर पट्टा तिरका पळतो. अल्टरनेटर दिसतो सारखाच, पण तुमच्याकडे व्होल्टेज रेग्युलेटर बाहेर आहे आणि मित्राचा आतच. वायरिंग थोडं बदललं की त्याचा तुम्हाला चालतो, आणि खरं तर तोच बरा.

डिस्ट्रिब्युटरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही हे करणारच. १९७५ पासून जनरल मोटर्सच्या (शेवरलेट त्यांचीच) गाड्यांत पॉइंटऐवजी, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांऐवजी, इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर सरसकट आला, कॉइल त्याच्या टोपणातच असते. मित्राकडचा जादा पडलेला काढून मी माझ्या इंजिनात टाकला. काम एका दुपारचं. ट्रक सुरू झाला, जागेवर छान चालला, आणि रस्त्यावर वेग घेतला की खोकायचा. कार्बोरेटर दोनदा उघडला. तिसऱ्यांदा उघडायच्या आधी मित्र मीटर घेऊन आला आणि डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या वायरवर लावला. इंजिन चालू असताना तिथे जेमतेम ८ व्होल्ट. पॉइंटवाल्या ट्रकमध्ये कॉइलकडे जाणारी वायरच मुद्दाम रोध असलेली असते, पॉइंट जळू नयेत म्हणून. नव्या डिस्ट्रिब्युटरला पूर्ण १२ लागतात. फ्यूज बॉक्समधून, किल्ली फिरवल्यावर आणि सेल्फ मारतानाही चालू राहील अशा जागेवरून जाड वायर ओढली, खोकला थांबला. कार्बोरेटर बिचारा निर्दोष होता.

दुसरी चूक याहून महाग पडली. माझं फ्लायव्हील (इंजिनच्या मागच्या टोकाचं जड दातेरी चाक) तडकलं होतं. तिसऱ्या ट्रकचं, म्हणजे १९८७ च्या इंजिनाचं फ्लायव्हील कपाटात तयार होतं. गिअरबॉक्स उतरवला, जुनं काढलं, हे वर धरलं, तर क्रँकवरची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची) भोकं जुळेनात. १९८६ पासून या इंजिनांना क्रँकच्या मागचं ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध आलं आणि त्याबरोबर क्रँकची मागची चकती लहान झाली. फ्लायव्हील बदललं ते तेव्हापासून. हे मला गिअरबॉक्स छातीवर घेऊन झाल्यावर कळलं. तुम्हा दोघांची मूळ इंजिनं अजून जागेवर असतील तर हा त्रास नाही, पण इतक्या वर्षांत कुणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरकडे, ओतीव नंबर असतो. कचरा खरवडून वाचा आणि लिहून ठेवा. फ्लायव्हीलचे दातेही मोजा. १५३ आणि १६८ अशी दोन मापं आहेत, आणि सेल्फ त्याप्रमाणे वेगळा. ज्याचे दोन बोल्ट समोरासमोर तो लहान फ्लायव्हीलचा, तिरके असतील तर मोठ्याचा.

पत्र्याचं म्हणाल तर सोडून द्या. १९७३ ला सगळी केबिनच बदलली. दार, काच, मडगार्ड, काहीच चालत नाही. पत्र्यासाठी तुम्हाला १९६७ ते ७२ वाला तिसरा माणूस लागेल, आणि त्यातही १९६७-६८ चं बोनेट आणि त्यापुढचं बोनेट वेगळं आहे.

वाटणी कशी करायची? आम्ही सुरुवातीला नुसतं "आपलंच आहे" म्हणून एका कपाटात भरत गेलो. दोन वर्षांनी त्यात चार कार्बोरेटर होते आणि कुठला कुणाचा, कुठल्यात काय बिघाड, कुणालाच माहीत नव्हतं. आता प्रत्येक भागाला तारेने पत्र्याची चिठ्ठी. त्यावर कुठल्या वर्षाच्या ट्रकचा, ओतीव नंबर, आणि "चालता काढला" की "माहीत नाही". हे शेवटचे दोन शब्द सगळ्यात कामाचे आहेत. "माहीत नाही" वाला भाग रात्री रस्त्यावर अडकलेल्याला द्यायचा नाही. शेवटचा नग जो नेईल त्याने महिन्याभरात दुसरा आणून ठेवायचा. सेल्फ, अल्टरनेटर दुरुस्त केलेले विकत घेताना जुना परत दिला की अनामत परत मिळते, म्हणून मेलेलेही फेकत नाही. इंजिन उचलायची घोडी, पुलर, कॉम्प्रेशन गेज ही हत्यारं दोघांत एकेकच घेतली. खरी बचत तिथेच झाली, भागांपेक्षा जास्त.

काही गोष्टी मात्र वाटायच्या नाहीत. ब्रेक शू, पाइप, स्टिअरिंगच्या टायरॉडचे गोळे, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस हे नवेच. बेअरिंग द्यायचं तर बाहेरच्या कडीसकट जोडीने. टॅपेट (कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासत व्हॉल्व्ह उघडणारे) एका कॅमचे दुसऱ्या कॅमवर अजिबात नाहीत. ते ज्या लोबवर घासून बसलेत तिथेच परत जायला हवेत, म्हणून काढताना पुठ्ठ्यात सोळा भोकं पाडून क्रमाने खोचायचे. क्रँकच्या बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकबरोबरच यंत्रावर कापलेल्या असतात, एकाची दुसऱ्याला लागत नाही.

रंगाबद्दल तुम्ही विचारलंत. माझा ट्रक अजून दोन रंगांत आहे, कारण उजवं दार हिरवं मिळालं. रोज चालतो.

बघायला जाल तेव्हा मित्राला आणि एक जाड स्क्रू-ड्रायव्हर बरोबर न्या. विकणारा चटई उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.