भू-औष्णिक वातानुकूलन: ड्रिलिंग शिकू की एसी?

विद्यार्थिनीचं पत्र: “मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जमिनीतल्या उष्णतेच्या आधारे घरं आणि ऑफिसं गरम-थंड ठेवण्याच्या तंत्राबद्दल वाचलं आणि यातच काम करावंसं वाटू लागलं. बाबा म्हणतात, सरळ एसीची लाइन धर, ते काम म्हणजे नुसतं बोअर मारणं. खरंच ड्रिलिंग शिकावं लागतं का? आणि जिथे गरम पाण्याचे झरे नाहीत तिथे या कामाला वाव असतो का?”

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तिथे दोन वेगळी क्षेत्रं एकमेकांत मिसळली आहेत. गरम झरे, खोल विहिरी, वाफेवर फिरणारं टर्बाइन हा वीजनिर्मितीचा विषय आहे. इटलीत लार्देरेल्लोला 1904 साली त्याचा पहिला प्रयोग झाला. तुला आवडलेलं तंत्र याहून पुष्कळ साधं आहे. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं आणि ते त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. म्हणजे वर कडक ऊन असताना खाली गारवा आणि वर बर्फ असताना खाली ऊब. एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेत फेकतो. इथे तीच उष्णता पाइपमधल्या पाण्याला देऊन जमिनीत सोडायची आणि थंडीत उलट तिथूनच उचलायची. हे करणाऱ्या यंत्राला ग्राउंड सोर्स हीट पंप म्हणतात. त्यातला रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरला की उष्णतेची दिशा बदलते. झरे कुठेच लागत नाहीत. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात 1948 साली एक मोठी कार्यालयीन इमारत भूजलावर चालणारे हीट पंप घेऊन उभी राहिली. इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने तर कोळशाचे बॉयलर बंद करण्यासाठी सुमारे 3,600 बोअरचं जाळं उभारलं.

आता बाबांचं म्हणणं. ते अर्धं अगदी बरोबर आहे. ग्राउंड सोर्स हीट पंपाच्या आत तोच कंप्रेसर, तोच कंडेन्सर, तोच एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि तोच इव्हॅपोरेटर असतो. म्हणून आधी रेफ्रिजरेशन पक्कं कर. पाइपातून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग करणं, व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद केल्यावर तो टिकतो का ते पाहणं, सुपरहीट आणि सबकूलिंग मोजून गॅस कमी की जास्त ते ठरवणं, एवढं हाताखालून गेलेलं हवं. यासाठी डिप्लोमानंतर किमान वर्षभर एसी-चिलरच्या सर्व्हिसमध्ये काम केलंस तर ते वर्ष वाया जाणार नाही.

राहिलेलं अर्धं मात्र बाबांच्या लक्षात आलेलं नाही. ड्रिलिंगवाला भोक पाडून निघून जातो, प्लंबर पाइप जोडून जातो, एसीवाला मशीन लावून जातो. सिस्टिम बिघडते ती बहुतेक वेळा या तिघांच्या सांध्यात. मशीन उघडून दुरुस्त करता येतं, पण शंभर मीटर खाली गाडलेला पाइप परत वर काढता येत नाही. त्यामुळे गाडण्याआधी मोजणारा, तपासणारा आणि लिहून ठेवणारा माणूस या क्षेत्रात फार मोलाचा असतो. तू तो माणूस व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

ड्रिलिंगची रिग तुला चालवावी लागणार नाही. पण बोअर लॉग वाचता आला पाहिजे: किती मीटरवर माती संपली, खडक कुठे लागला, पाणी कुठे लागलं. हे फक्त परीक्षेचा पेपर सोडवण्यापुरतं नाही. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात 2007 साली नगरपालिकेच्या इमारतीसाठी 140 मीटरचे सात बोअर घेतले. खाली अ‍ॅनहायड्राइटचा थर होता. बोअरवाटे पाणी त्याच्यापर्यंत पोचलं, त्याचं जिप्सम होऊ लागलं, आणि या बदलात आकारमान 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. जमीन उचलली गेली आणि दोनशेहून अधिक घरांना तडे गेले. भूजलाचे दोन थर एकमेकांना जोडायचे नाहीत आणि बोअर नीट बंद करायचा, हे शिकायला याहून ठळक उदाहरण नाही.

पाइप सोडल्यावर बोअरमधली उरलेली जागा ग्राउट नावाच्या लगद्याने भरून बोअर बंद करायच्या कामाला ग्राउटिंग म्हणतात आणि नवखा माणूस तिथेच सर्वांत जास्त शिकतो. समज, बोअर 130 मिलिमीटर व्यासाचा आणि 100 मीटर खोल आहे. त्यात 32 मिलिमीटरचा एचडीपीई (एक प्रकारचं मजबूत प्लॅस्टिक) पाइप खाली जाऊन यू-बेंडमधून परत वर आलेला आहे, यालाच लूप म्हणतात. बोअरचं आकारमान साधारण 1,330 लिटर, त्यातून दोन पाइपांचे 160 लिटर वजा केले की 1,170 लिटर ग्राउट लागणार. ते वरून ओतायचं नसतं. ट्रेमी पाइप, म्हणजे ग्राउट सोडायची नळी, तळापर्यंत सोडून खालून वर भरत आणायचं. 800 लिटरमध्येच तोंड भरलं तर मध्ये कुठेतरी पोकळी अडकली आहे. 1,900 लिटर गेले तर खडकात भेग आहे किंवा बोअर आतून ढासळला आहे. हा आकडा त्याच दिवशी वहीत लिहिणारा माणूस साइटवर असेल तर पुढचे कितीतरी वाद टळतात. ग्राउट कोणतं, यानेही फरक पडतो. साध्या बेंटोनाइट मातीच्या ग्राउटची उष्णता वाहकता 0.7 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते. त्यात सिलिका वाळू मिसळली की ती 1.5 च्या पुढे जाते.

पाइप सोडण्याआधी तो पाण्याने भरून प्रेशर टेस्ट करायची. रिकामा पाइप पाण्याने भरलेल्या बोअरमध्ये तरंगतो, खाली जातच नाही. टेस्ट सुरू झाल्यावर पहिल्या तासाभरात गेजचा काटा खाली येतो आणि नवखे लोक गळती म्हणून घाबरतात. एचडीपीई दाबाखाली फुगतो म्हणून तसं होतं. दाब परत भरून घ्यायचा, पाइपला स्थिरावू द्यायचं, मग खरी वेळ मोजायची. जोड फ्यूजनचेच, म्हणजे टोकं वितळवून एकमेकांवर दाबलेले, हवेत, गाडलेल्या भागात आटे किंवा क्लॅम्प नकोत. टोकाला टोक जोडायच्या बट फ्यूजनची तापवायची तवी साधारण 220 अंशांवर असते. टोकं रंधलेली आणि कोरडी हवीत, तवी काढल्यावर काही सेकंदांत दाबायची आणि निवेपर्यंत हलवायची नाहीत. दोन्ही बाजूंची वळी सारखी गोल यायला हवी, पण तेवढ्यावरून जोड नीट झाला असं समजायचं नाही. धूळ, घामाचा थेंब किंवा घाई यांनी बिघडलेला जोड बाहेरून चांगलाच दिसतो आणि दोन वर्षांनी सुटतो.

डिझाइनकडे तुझा ओढा असेल तर थर्मल रिस्पॉन्स टेस्ट, म्हणजे जमीन उष्णता किती वाहून नेते ते मोजायची चाचणी, शीक. का, ते बघ. जर्मन मार्गदर्शक तत्त्वं व्हीडीआय 4640 च्या 2001 च्या आवृत्तीत घर गरम करण्यासाठी जमिनीतून मिळणाऱ्या उष्णतेचे ढोबळ आकडे होते: कोरड्या वाळूत मीटरमागे 20-25 वॅट, चांगल्या खडकात 70-80 पर्यंत. 10 किलोवॅट काढायचे असतील तर पहिल्या हिशोबाने 400 मीटर बोअर, दुसऱ्याने 140 च्या आसपास. एवढ्या फरकात अंदाजाने काम करणं म्हणजे मालकाचं नुकसान करणं. मोठ्या कामात म्हणूनच आधी एक बोअर घेतात, ग्राउटला काही दिवस बसू देतात आणि मग 48 तास ठरावीक उष्णता पाण्यातून आत सोडतात. सरासरी तापमान काळाच्या नैसर्गिक लॉगसमोर मांडलं की सरळ रेषा येते. समज, 100 मीटरच्या बोअरमध्ये 5,000 वॅट सोडले आणि रेषेचा चढ 1.6 आला. 5,000 ला 4 गुणिले पाय गुणिले 100 गुणिले 1.6 ने भाग, म्हणजे वाहकता सुमारे 2.5 येते. मधेच वीज गेली किंवा जनरेटरचा व्होल्टेज वरखाली झाला तर रेषा वाकते आणि टेस्ट पुन्हा करावी लागते, तीही जमीन मूळ तापमानावर आल्यावरच.

उष्ण प्रदेशातल्या डिझाइनमध्ये आणखी एक गोष्ट कायम डोक्यात ठेव. तिथे उष्णता वर्षभर जमिनीत जातच राहते, परत निघत नाही. एक टन कूलिंग म्हणजे 3.5 किलोवॅट, त्यात कंप्रेसरची वीज मिळवली की जमिनीला साधारण 4.3 किलोवॅट झेलावे लागतात. बोअर एकमेकांपासून पाच-सहा मीटरहून जवळ घेतले तर मधली जमीन दरवर्षी थोडी तापत जाते आणि काही वर्षांनी मशीन हाय प्रेशरमुळे आपोआप बंद पडू लागतं. उपाय म्हणजे अंतर वाढवणं, लांबी वाढवणं किंवा सोबत छोटा कूलिंग टॉवर जोडून हायब्रिड सिस्टिम करणं. थंड प्रदेशात याच्या उलट त्रास होतो. पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालतात, पण ते जास्त झालं की द्रव घट्ट होऊन उष्णता नीट सोडत नाही. शिवाय प्रवाह कमी पडला तर इव्हॅपोरेटरमधलं पाणी गोठून तो आतून फुटू शकतो.

कमिशनिंगमध्ये, म्हणजे सिस्टिम पहिल्यांदा सुरू करून तपासताना, तुझं एसीचं शिक्षण आणि जमिनीचं ज्ञान एकत्र कामाला येतं. आधी फ्लशिंग: प्रत्येक पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला किमान 0.6 मीटर हवा, तरच हवा आणि कचरा बाहेर पडतो. 32 मिलिमीटरच्या एका लूपला मिनिटाला जवळपास 20 लिटर लागतात, म्हणून मोठा पर्ज पंप आणावा लागतो. सिस्टिमच्या रोजच्या पंपाने ते होत नाही. नंतर मशीनच्या पोर्टवर थर्मामीटर लावून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान घे. टनामागे मिनिटाला 11 लिटर प्रवाह असेल तर पूर्ण लोडवर कूलिंगमध्ये फरक साडेपाच अंशांच्या आसपास यायला हवा. 9 अंश आला तर प्रवाह कमी आहे: हवा अडकली, स्ट्रेनर तुंबला किंवा व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला. अडीचच आला तर पाणी गरजेपेक्षा खूप जास्त आहे किंवा मशीनच अर्धं काम करतं आहे. अशा वेळी गॅसच्या गेजला आधी हात लावू नकोस. पोर्टवरचा दाबातला फरक मोजून मशीनच्या तक्त्यावरून प्रवाह काढ, मग पुढे जा. पाण्याची तक्रार असताना गॅस काढ-घाल केल्याने चांगली मशीनं बिघडली आहेत.

कोर्सबद्दल थोडक्यात: लूप बसवण्याचं आणि डिझाइनचं प्रशिक्षण इंटरनॅशनल ग्राउंड सोर्स हीट पंप असोसिएशन देते. ही संस्था 1987 साली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात सुरू झाली. ते प्रशिक्षण घे, पण रेफ्रिजरेशनच्या अनुभवानंतर, आधी नाही. डिझाइनमध्ये जायचं असेल तर पुढे डिग्री आणि त्यात हीट ट्रान्सफर मनापासून कर. आणि भूगर्भशास्त्राचा एखादा विषय मिळत असेल तर तो सोडू नकोस.

आताच करता येईल असं एक काम सांगते. कॉलेजच्या चिलर प्लांटमध्ये परवानगी घेऊन आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी थंड पाण्याची आणि कंडेन्सरच्या पाण्याची आत-बाहेरची तापमानं, दोन्हींचे प्रवाह आणि कंप्रेसरची वीज लिहून ठेव. त्यावरून उष्णतेचा ताळा जुळतो का ते पाहा: थंड पाण्यातून काढलेली उष्णता अधिक वीज, बरोबर बाहेर टाकलेली उष्णता. पाच-दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो कुठून आला ते शोध. नोकरीच्या मुलाखतीला जाशील तेव्हा ही वही सोबत ने, आणि त्यांनाही विचार: तुमच्या मागच्या कामाचं प्रेशर टेस्टचं आणि ग्राउटच्या लिटरचं रेकॉर्ड बघायला मिळेल का? जिथे ते लगेच काढून दाखवतात तिथे रुजू हो.