जीर्ण, अजीर्ण आणि जिरणे

दिवाळी अंकात यायच्या एका आरोग्यविषयक लेखाचे मुद्रितशोधन करताना एका वाचकांना दोन शंका आल्या आहेत. पहिली अशी की, जीर्ण म्हणजे झिजलेले, मोडकळीस आलेले. जीर्ण वस्त्र, जीर्ण देऊळ, जीर्णोद्धार हे शब्द आपण त्याच अर्थाने वापरतो. मग त्याला नकारार्थी 'अ' जोडल्यावर 'धडधाकट, नवेकोरे' असा अर्थ निघायला हवा. मग 'अजीर्ण' हा पोटाचा विकार कसा झाला? दुसरी शंका व्यवहारातली आहे. लेखकाने एकाच परिच्छेदात अजीर्ण, अपचन आणि अग्निमांद्य (पोटातला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद होणे) असे तीन शब्द योजले आहेत. त्यांपैकी एक ठेवून बाकीचे दोन बदलावेत का?

पहिली शंका तर्काला धरून आहे आणि तिचे उत्तरही त्याच तर्काने मिळते. संस्कृतात 'जॄ' हा धातू वय होणे, झिजणे, विरून जाणे या अर्थाचा आहे. त्याचे भूतकाळवाचक विशेषण जीर्ण. जरा म्हणजे म्हातारपण, जर्जर आणि जरठ हे शब्द याच कुळातले आहेत. ('जरा थांबा' मधला जरा मात्र फारसीच्या वाटेने आलेला पाहुणा आहे, आणि जठर हा शब्द जरठाचा सख्खा भाऊ वाटला तरी तो या घरातला नाही.) आपला रोजचा 'जुना' हा शब्दसुद्धा याच धातूच्या 'जूर्ण' या दुसऱ्या रूपापासून, प्राकृतातल्या 'जुण्ण' वरून आला आहे. आता हीच क्रिया अन्नाला लावून पाहावी. पोटात गेलेल्या अन्नाचे मूळचे रूप झिजून, विरून नाहीसे होते, तेव्हा ते अन्न 'जीर्ण' झाले असे म्हणायचे. आणि जे खाल्ल्यावरही आपले नवेपण सोडत नाही, ताटातून जसे उचलले तसेच पोटात ठाण मांडून बसते, ते अजीर्ण. म्हणजे प्रश्नकर्त्यांनी काढलेला 'नवेकोरे' हा अर्थ चुकीचा नाही. फक्त देवळाने नवेकोरे राहावे असे आपल्याला वाटते, आणि भाताने तसे राहू नये असे वाटते.

हा अर्थ आडवाटेचा नाही. इल्वल आणि वातापी या राक्षसांच्या कथेत वातापी अन्नाच्या रूपाने पोटात गेल्यावर अगस्त्य ऋषी पोटावर हात फिरवून 'वातापि जीर्णो भव' म्हणतात, असे परंपरेने सांगितले जाते. तेथे वातापीने म्हातारे व्हावे असा आशीर्वाद नाही, तो पोटातच विरून जावा अशी आज्ञा आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या विमानस्थान या विभागात आहाराचे जे नियम दिले आहेत, त्यांत 'जीर्णे अश्नीयात्' असा एक आहे, म्हणजे आधीचे अन्न जिरल्यावरच जेवावे. कारणही तेथेच दिले आहे: पहिल्या आहाराचा रस अजून परिपक्व झालेला नसताना त्यात दुसऱ्याचा रस मिसळला, तर सगळे दोष, म्हणजे वात, पित्त आणि कफ, लगेच प्रकुपित होतात. अशा जेवणावर जेवण करण्याला आयुर्वेदात अध्यशन असे स्वतंत्र नाव आहे. चारच्या चहाबरोबर फरसाण आणि साडेसातला जेवण करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द ठाऊक नसला, तरी त्यातली क्रिया चांगली ठाऊक आहे.

संस्कृतातल्या 'जीर्यते' पासून मराठीत 'जिरणे' आले, आणि येथे मराठीने एक सूक्ष्म भेद जपला आहे. पचणे आणि जिरणे ही दोन क्रियापदे आपण जोडीने वापरतो, पण ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पचणे हे 'पच्' धातूचे, म्हणजे शिजण्याचे, अग्नीचे काम आहे. स्वयंपाक, साखरेचा पाक, पक्व आणि 'पक्व' वरून आलेले आपले पिकणे, हे सगळे तेथलेच. जिरण्यात विस्तव नाही. त्यात मुरणे, शोषले जाणे, दिसेनासे होणे आहे. तेल अंगात जिरते, तूप भातात जिरते, पावसाचे पाणी जमिनीत जिरते. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेत 'पचवा' घालून पाहिले, तर फरक लगेच कळतो. लाक्षणिक वापरातही दोघांनी आपापला प्रांत राखला आहे. दुःख, अपमान, पराभव माणूस पचवतो. मस्ती, घमेंड, खोड जिरते, आणि जिरवायची असते ती बहुधा दुसऱ्याची. याच्यापुढची तिसरी पायरी मराठीत 'अंगी लागणे' अशी आहे. खाल्लेले पचते, मग जिरते, मग अंगी लागते, आणि ज्याच्या अंगी लागत नाही त्याच्याबद्दल घरातली वडीलधारी माणसे 'खाल्लेलं जातं कुठे कोण जाणे' म्हणून चिंता करतात.

या तीन पायऱ्या शास्त्रातून बोलीत आल्या की बोलीतून सुचल्या, याचा निवाडा येथे करण्याची गरज नाही. पण त्या आयुर्वेदाच्या मांडणीशी चांगल्या जुळतात. आयुर्वेद एकूण 13 अग्नी मानतो: पोटातला एक जाठराग्नी, पंचमहाभूतांचे पाच भूताग्नी आणि रसापासून शुक्रापर्यंतच्या सात धातूंचे, म्हणजे शरीर घडवणाऱ्या घटकांचे, सात धात्वग्नी. म्हणजे अन्नावरची प्रक्रिया पोटात संपत नाही, प्रत्येक धातूच्या ठिकाणी ती पुन्हा होते. म्हणूनच सुश्रुत या प्राचीन आचार्याने निरोगी माणसाचे जे लक्षण सांगितले, त्यात 'समदोषः' (दोष सम असलेला) च्या लगोलग 'समाग्निश्च' (आणि अग्नी सम असलेला) आले आहे, आणि अष्टांगहृदय या आपल्या ग्रंथाच्या निदानस्थानात वाग्भट 'रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ' असे लिहितो: सगळेच रोग अग्नी मंद असताना होतात. पचनाला आयुर्वेदाने एवढे महत्त्व का दिले, याचे उत्तर या मोजक्या शब्दांत आहे.

अजीर्णाचे प्रकार पाहताना भाषेची आवड असलेल्या माणसाला विशेष आनंद होतो. सुश्रुत आम, विदग्ध आणि विष्टब्ध असे तीन सांगून काहींच्या मते रसशेष हा चौथा असल्याचे नोंदवतो. माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात आणखी दोन जोडून सहा होतात. आम म्हणजे कच्चे. आमवात आणि आपण 'आव पडते' म्हणतो तो आव या कच्चेपणातूनच आलेला आहे. हिंदीतल्या आंब्याशी, म्हणजे आम्राशी, त्याचा संबंध नाही. विदग्ध म्हणजे जळालेले. मराठीत 'विदग्ध वाङ्मय' असे आदराने म्हणताना त्यात जळकेपणा आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही, पण पोटाच्या बाबतीत तो शब्दशः आहे: विदग्ध अजीर्णात धुरासारखी आणि आंबट ढेकर येते, असे माधवनिदान सांगते. ही आपली 'करपट ढेकर'. तव्यावर भाकरी करपावी तसे पोटात अन्न करपले, ही कल्पना बोलीने शास्त्राइतकीच नेमकी पकडली आहे. विष्टब्ध म्हणजे अडून राहिलेले. त्यात पोट फुगते, दुखते.

मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो रसशेष. यात ढेकर शुद्ध येते, म्हणजे अन्न शिजून गेलेले असते, आणि तरीही जेवणाची इच्छा होत नाही. छातीशी जडपणा राहतो. पचले, पण जिरले नाही, असे त्याचे मराठी वर्णन करावेसे वाटते. हे वर्णन माझे आहे, ग्रंथाचे नाही. पण दोन क्रियापदे वेगळी ठेवण्याचा उपयोग यात दिसतो. अन्न खरोखर जिरल्याची लक्षणेही दिलेली आहेत: शुद्ध ढेकर, उत्साह, मलमूत्राचे वेग वेळेवर येणे, अंग हलके वाटणे, आणि भूक-तहान लागणे. घड्याळाचा त्यात उल्लेख नाही.

आता दुसरी शंका. हे तीन शब्द पर्याय म्हणून वापरलेले असतील तर एक निवडण्यास हरकत नाही, पण आयुर्वेदावरील लेखात ते पर्याय नसतात. अग्निमांद्य ही अग्नीची अवस्था आहे. सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद या चार अवस्थांपैकी शेवटची. अजीर्ण ही त्या अग्नीपुढे आलेल्या अन्नाची अवस्था आहे आणि त्यावरून विकाराचे नाव आहे. अपचन हा पचन न होण्याचा सर्वसाधारण निर्देश आहे, आणि तो वैद्य, डॉक्टर, वर्तमानपत्र अशा कोणाच्याही तोंडी शोभतो. लेखकाचे जे वाक्य प्रश्नकर्त्यांनी उद्धृत केले आहे, 'अजीर्ण झाले असता पुन्हा जेवल्याने अग्निमांद्य येते', त्यात कार्यकारण उलटे झाल्याची त्यांची शंका आहे. मंद अग्नीमुळे अजीर्ण होते हे खरेच. परंतु चरकाने अग्नी बिघडण्याच्या कारणांत अजीर्णावर जेवणे हेही सांगितले आहे, आणि असा बिघडलेला अग्नी हलके अन्नसुद्धा पचवू शकत नाही असे म्हटले आहे. हे चक्र दोन्ही दिशांनी फिरते. वाक्य तसेच ठेवावे, आणि त्यातल्या दोन शब्दांपैकी कोणत्याही एकाच्या जागी अपचन घालू नये. घातल्यास वाक्याचा मुद्दाच हरवेल.

शुद्धलेखनाचे तेवढे पाहावे. पाठवलेल्या मजकुरात 'अजिर्ण' असे दोनदा छापले आहे. शब्द तत्सम आहे, म्हणून 'जी' दीर्घ: उत्तीर्ण, विस्तीर्ण, संकीर्ण यांच्याप्रमाणेच. उलट जिरणे, जिरवणे हे मराठीत घडलेले शब्द आहेत, त्यांत 'जि' ह्रस्व. जिऱ्याचेही तसेच, संस्कृतात ते जीरक आणि निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांमध्ये, त्याचे दुसरे नाव 'जरण', म्हणजे अन्न जिरवणारे. मसाल्याच्या डब्यात मात्र त्याने ह्रस्वच राहावे.