युकुलेलीवर गाणं दुसऱ्या पट्टीत कसं न्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिने युकुलेली शिकताय, मिळालेले कॉर्ड नीट वाजतात, पण अंतऱ्यात आवाज फाटतो. अ‍ॅपमधलं ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबलं की ई फ्लॅट, ए फ्लॅट असले न जमणारे कॉर्ड समोर येतात. मग कॅपो (दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) घ्यायचा, की बाराही पट्ट्यांचे कॉर्ड पाठ करायचे?

पाठ अजिबात करू नका. कॅपोचं नंतर बघू. आधी एक गोष्ट लक्षात घ्या, पट्टी बदलणं तुम्हाला आधीपासूनच येतं. सारेगम म्हणताना 'सा' कुठूनही धरता ना? पेटीवाला काळी एकवरून पांढरी चारवर गेला म्हणून कुणी 'ग'ला 'ग' म्हणायचं सोडत नाही. कॉर्डचंही तसंच आहे. घोळ होतो तो आपण कॉर्डला त्याच्या नावाने ओळखतो म्हणून. सी, ए मायनर, एफ, जी ही नावं त्या एका पट्टीपुरती आहेत. गाण्याला त्या नावांशी काही देणंघेणं नाही. 'सा'पासून कितव्या सुरावरचा कॉर्ड आहे, एवढंच गाण्याला कळतं.

म्हणून कागदावरच्या प्रत्येक कॉर्डखाली पेन्सिलीने सूर लिहा. गाणं सी मेजरमध्ये असेल तर सी म्हणजे 'सा', एफ म्हणजे 'म', जी म्हणजे 'प', ए मायनर म्हणजे 'ध' मायनर. कॉर्डचा क्रम सी, ए मायनर, एफ, जी असेल तर तुमचं गाणं 'सा, ध मायनर, म, प' असं झालं. आता हे कुठल्याही 'सा'वर बसवा. मेजर गाण्यात 'सा', 'म' आणि 'प'वर मेजर कॉर्ड येतात, 'रे', 'ग' आणि 'ध'वर मायनर. 'नी'वरचा कॉर्ड क्वचितच लागतो, सध्या सोडून द्या. युकुलेलीवर ज्या पट्ट्या हाताला बऱ्या पडतात त्या पाचच आहेत. त्यांचे सा, रे, ग, म, प, ध याच क्रमाने कॉर्ड लिहिते:

सी: सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर
डी: डी, ई मायनर, एफ शार्प मायनर, जी, ए, बी मायनर
एफ: एफ, जी मायनर, ए मायनर, बी फ्लॅट, सी, डी मायनर
जी: जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर
ए: ए, बी मायनर, सी शार्प मायनर, डी, ई, एफ शार्प मायनर

उभ्या ओळीत बघितलं की पट्टी बदलते, आडवं बघितलं की गाणं चालतं. मगाचचं 'सा, ध मायनर, म, प' हे डीमध्ये डी, बी मायनर, जी, ए होईल आणि एफमध्ये एफ, डी मायनर, बी फ्लॅट, सी. मायनरचा मायनरच राहतो, सेव्हन्थचा (एक जास्तीचा सूर मिसळलेल्या कॉर्डचा) सेव्हन्थच. कधीकधी चौकटीबाहेरचा एखादा कॉर्ड येतो, समजा सीच्या गाण्यात बी फ्लॅट. घाबरायचं कारण नाही, तो कोमल 'नी'वरचा मेजर आहे. डीमध्ये तो सी होईल, जीमध्ये एफ.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात सपशेल पडले होते. एका मैत्रिणीला साथ करायची होती, तिला गाणं सीऐवजी डीमध्ये हवं होतं. मी म्हटलं सोपं आहे, प्रत्येक अक्षर एकाने पुढे न्यायचं. सीचा डी, एफचा जी, जीचा ए, सगळं बरोबर. आणि ई मायनरचा एफ मायनर. तो एक कॉर्ड आला की कुणीतरी दारात बोट चेपल्यासारखं वाटायचं. दोन दिवस मी ट्यूनर लावून तारा तपासत बसले, वाद्यातच काहीतरी खोट आहे अशी माझी खात्री. ई ते एफ आणि बी ते सी यांच्यात एकच फ्रेटचं (दांडीवरच्या एका घराचं) अंतर असतं, बाकी सगळीकडे दोन, हे मला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. हवा होता एफ शार्प मायनर (शार्प म्हणजे एक फ्रेट वर, फ्लॅट म्हणजे एक फ्रेट खाली). सारेगममध्येही हेच आहे: शुद्ध 'ग' ते 'म' आणि 'नी' ते 'सा' ही अंतरं एकेक फ्रेटची. 'सा' सीवर असतो तेव्हा दोन्ही लहान अंतरं नेमकी एकमेकांवर बसतात, म्हणून सीमध्ये शार्प-फ्लॅट लागत नाहीत. 'सा' हलवला की जुळणी मोडते, आणि ती सांधायला एफ शार्प, बी फ्लॅट वगैरे मंडळी येतात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. अंतऱ्यात आवाज फाटतो, मग पट्टी किती खाली न्यायची? बहुतेक जण बटण एकेकदा दाबत अंदाज घेतात. त्यापेक्षा वाद्य बाजूला ठेवून गाण्यातली सगळ्यात उंच जागा नुसती गा, जिथे मान वर न करता, न ओरडता येईल अशा उंचीवर. तो सूर धरून ठेवा आणि युकुलेलीवर शोधा. मग मूळ कॉर्डच्या पट्टीत ती जागा कुठे येते तेही शोधा. दोन्हींमधले फ्रेट मोजा. तेवढे फ्रेट सगळं गाणं खाली. (पुरुषाचा आवाज असेल तर तुमचा सूर बहुधा युकुलेलीच्या सुराच्या एक सप्तक खाली असेल. त्याने हिशेब बिघडत नाही.)

एक उदाहरण घेते. गाणं जीमध्ये आहे आणि अंतऱ्याची उंच जागा तार सप्तकातला 'ग', म्हणजे बी. तुम्हाला सुखाने जमतो तो जी शार्प. बीपासून जी शार्प तीन फ्रेट खाली. जीपासून तीन खाली म्हणजे ई. पण थांबा, खालचं टोकही बघा. मुखड्यात मंद्र 'प' लागत असेल तर जीमध्ये तो डी होता, ईमध्ये बी झाला. तो ऐकू येतोय की नुसती हवा निघतेय? नुसती हवा असेल तर एखादा फ्रेट वर सरका आणि उंच जागेवर थोडी मेहनत घ्या. गाण्याचा पल्लाच आवाजापेक्षा मोठा असेल तर कुठलीही पट्टी पुरी पडणार नाही.

समजा ईच ठरली. ई ही युकुलेलीची सगळ्यात नावडती पट्टी. साध्या ईसाठी चार-चार-चार-दोन असं दाबावं लागतं (तारांचा क्रम जी, सी, ई, ए), आणि 'सा'चाच कॉर्ड असल्याने तो पावलोपावली येतो. एमध्येही ई लागतो, पण तिथे तो 'प'चा कॉर्ड आहे, आणि 'प'च्या जागी त्याचा सेव्हन्थ वाजवला तर बहुतेक वेळा उलट गोडच लागतो. ई सेव्हन्थ किती सोपा: १२०२ (शून्य म्हणजे मोकळी तार). 'सा'च्या जागी मात्र सेव्हन्थ चालत नाही, गाणं घरी पोचलंय असं वाटतच नाही. म्हणून ए सोपी, ई अवघड.

कॅपो हवा तो इथे. ई पट्टी हवी असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा आणि डीचे शेप (बोटांची ठेवण) वाजवा: डी २२२०, बी मायनर ४२२२, जी ०२३२, ए २१००, ई मायनर ०४३२. आकडे कॅपोपासून मोजायचे. नाहीतर चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि सीचे शेप. हिशेब एकच: हव्या पट्टीपासून सोप्या शेपच्या पट्टीपर्यंत जितके फ्रेट खाली, तितक्या फ्रेटवर कॅपो. कॅपो सूर चढवतो, उतरवत नाही. म्हणून शेप नेहमी हव्या पट्टीच्या खालचा निवडायचा.

पेटीच्या भाषेत सांगणाऱ्या गायकांसोबत बसणार असाल तर हे फार उपयोगी पडतं. काळी एक म्हणजे सी शार्प: कॅपो पहिल्या फ्रेटवर, शेप सीचे. काळी दोन: कॅपो तिसऱ्यावर, शेप सीचेच. काळी तीन, चार आणि पाच यांना कॅपो पहिल्यावर आणि शेप अनुक्रमे एफ, जी आणि ए. पांढऱ्यांपैकी तीन नंबर, म्हणजे आपली ई, वर झालीच. पांढरी सात म्हणजे बी: कॅपो दुसऱ्यावर, शेप एचे. बाकीच्यांना कॅपो लागतच नाही.

पण कॅपो पाचव्या फ्रेटच्या वर नेऊ नका असं माझं मत. पाचव्यावर तारेची एक चतुर्थांश लांबी गेलेली असते आणि सोप्रानोवर, म्हणजे छोट्या युकुलेलीवर, तार मुळातच साधारण ३५ सेंटीमीटर. पुढचे फ्रेट इतके जवळ येतात की बोटं एकमेकांवर चढतात, आवाजही किरटा होतो. गिटारचा जड कॅपोही टाळा, तारा दाबून सूर चढवतो आणि लहान वाद्याचं डोकं खाली ओढतो. लावल्यावर ट्यूनिंग पुन्हा तपासा, कुठलाही कॅपो असो. फक्त एखादा फ्रेट खाली जायचं असेल तर मी सरळ चारही तारा अर्ध्या सुराने उतरवते. त्याहून जास्त उतरवल्या की तारा लडबडतात.

बटणाबद्दल. ते वाईट नाही, पण त्याला हात नाहीत. त्याला ए फ्लॅट आणि ए सारखेच. पट्टी आधी तुम्ही ठरवा, बटण ताडून बघायला वापरा. आणि ज्या कॉर्डच्या कागदावर 'कॅपो ३' असं लिहिलेलं असतं तो बहुधा गिटारसाठी असतो. त्यावरची नावं शेपची आहेत, सुरांची नाहीत. तुम्ही कॅपोशिवाय वाजवलंत तर तुमचं गाणं मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा तीन फ्रेट खाली वाजेल. "कॉर्ड चुकीचे आहेत" अशी जी ओरड असते त्यातली निम्मी तरी इथूनच येत असावी. तसंच जुन्या अमेरिकन छापील गाण्यांवर युकुलेलीच्या आकृत्या असतात, त्यातल्या कित्येक ए, डी, एफ शार्प, बी अशा ट्यूनिंगसाठी काढलेल्या आहेत. आपल्या वाद्यावर त्या दोन फ्रेट खाली वाजतात.

मायनर गाण्यांचं तंत्र हेच, फक्त चौकट वेगळी: 'सा' आणि 'म' मायनर, कोमल 'ग', कोमल 'ध', कोमल 'नी' मेजर, आणि 'प'वर बहुतेकदा सेव्हन्थ. ए मायनरमध्ये ते ए मायनर, डी मायनर, सी, एफ, जी आणि ई सेव्हन्थ. डी मायनरला नेलं की डी मायनर, जी मायनर, एफ, बी फ्लॅट, सी आणि ए सेव्हन्थ.

बी फ्लॅटला सगळे घाबरतात, तुम्हीही घाबराल. तो ३२११ आहे. ए २१०० आहे. नीट बघा, तोच शेप एक फ्रेट पुढे सरकलाय आणि मोकळ्या तारांच्या जागी आडवं बोट आलंय. आणखी एक फ्रेट सरका, ४३२२, बी झाला. ए मायनर २००० आणि बी मायनर ४२२२ यांचंही तेच नातं, दोन फ्रेटचं. पहिल्या बोटाला आडवं पडायची सवय लागेपर्यंत दोन-तीन आठवडे खरखर होईल. होऊ दे.

सराव कसा कराल? तीनच कॉर्डचं एखादं गाणं घ्या, जे झोपेतही म्हणता येईल. आज सीमध्ये, उद्या एफमध्ये, परवा जीमध्ये, कागद न बघता. वाजवताना तोंडाने कॉर्डचं नाव न घेता 'सा', 'म', 'प' म्हणा. मला स्वतःला साधारण महिनाभराने असं झालं की कुणी पट्टी सांगितली की हात आपोआप जायला लागला.

उरलं एक. कॉर्डऐवजी सुरावट छेडायची असेल तर वेगळा विचार लागतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जीची तार उंच असते, त्यामुळे वाद्यावरचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे सीची मोकळी तार. सीमध्ये 'सा' धरलात तर मंद्र सप्तक नावाचं काही उरतच नाही. चाल 'सा'च्या खाली उतरत असेल तर 'सा' एफवर धरा, मोकळ्या सीवर मंद्र 'प' मिळतो. जीवर धरलात तर मंद्र 'म'पर्यंत जाता येतं. त्याहून खाली जाणाऱ्या चाली वाजवायच्या असतील तर जीची जाड तार लावून घ्या, एक सप्तक खालची. तुमचे कॉर्ड मात्र त्याने जराही बदलणार नाहीत.