वाचकांचे प्रश्न : मुलांच्या हातातली पुस्तकं

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहावीत आहे आणि सारखी कॉमिक्स घेऊन बसलेली असते. गोष्टीचं जाड पुस्तक दिलं की दोन पानं वाचून ठेवून देते. हे तर म्हणतात कॉमिक्स आता बंदच करू. नुसती चित्रं बघणं म्हणजे काय वाचन झालं का?
– एक आई, नाशिक

अहो बंद नका करू, प्लीज! आधी तुम्ही दोघांनी मिळून एक कॉमिक नीट वाचून बघा, अगदी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि मग ठरवा. मी नुकतंच सीसी बेल यांचं ‘एल डेफो’ वाचून संपवलं, इंग्रजीत आहे पण वाक्यं छोटी आहेत, सहावीतल्या मुलीला थोड्या मदतीने जमेल. लेखिकेची स्वतःचीच गोष्ट आहे, चार वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि ऐकू येणं गेलं, मग शाळेत गळ्यात भलंमोठं श्रवणयंत्र अडकवून जावं लागायचं. सगळी पात्रं सशांच्या रूपात काढलीयत. का, तर सशाचे कान! जिला कानांचीच लाज वाटते तिच्या डोक्यावर हे एवढाले कान, आणि त्या कानांपर्यंत वर जाणाऱ्या यंत्राच्या वायरी सगळ्यांना दिसतायत. हे शब्दात सांगायला लेखकाला पानभर लागलं असतं, इथे एका चित्रात कळतं.

आणि बोलण्याचे फुगे बघा हं. यंत्राची बॅटरी संपत आली की फुग्यातली अक्षरं फिकट फिकट होत जातात आणि शेवटी फुगा नुसता रिकामा राहतो, समोरचा बोलतोय पण आपल्याला वाचायलाच काही नाही. कुणी तोंड फिरवून बोललं की फुग्यात अर्थ न लागणारी अक्षरं येतात. मला तिथे थांबून दोन-तीनदा मागे जावं लागलं. हे वाचन नाही तर काय आहे? मूल इथे शब्द, चेहरा, रिकामी जागा सगळं एकदम लावून अर्थ काढतंय. त्यात मजाही भरपूर आहे, यंत्राला आवाज पोचवणारा बाईंच्या गळ्यातला माइक चालूच राहतो आणि सीसीला त्या स्टाफरूममध्ये काय बोलतात तेही ऐकू येतं, अगदी बाथरूममध्ये गेल्या तरी!

तुमच्या यांना सांगा, अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांना जे न्यूबेरी पदक देतात ना, ते 2020 साली जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला मिळालं आणि ते कॉमिकच आहे. ‘एल डेफो’लाही 2015 मध्ये न्यूबेरी ऑनर, म्हणजे पदकाच्या खालोखालचा मान, मिळाला होता. जाड पुस्तकं वाचेल हो ती, पण कॉमिक हातातून काढून घेऊन नाही वाचणार, उलट पुस्तकांवरच राग धरेल.

प्रश्न : नातवाला फास्टर फेणेचा अख्खा संच आणून दिला, तर तो म्हणतो जुनं आहे, यात मोबाइलच नाही. आम्ही तर वेड्यासारखं वाचायचो. आता मुलांना आवडत नाही का?
– एक आजोबा, इचलकरंजी

आजोबा, संच एकदम देऊ नका, एक पुस्तक घ्या आणि पहिलं प्रकरण तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. भा. रा. भागवतांची भाषा कानाने वाचायची आहे, फेणेचं ते ‘ट्टॉक’ तुमच्या तोंडून यायला पाहिजे. मी परत वाचताना मला जाणवलं की बनेश फेणे मुळात काडीपैलवान पोरगा आहे, मारामारीत टिकणार नाही, जे काय करतो ते डोकं आणि पाय चालवून. आजच्या मुलाला यात जुनं काय वाटेल? फक्त 2017 चा सिनेमा त्याने पाहिला असेल तर आधी सांगून ठेवा की पुस्तकातला बनेश त्याच्याच वयाचा शाळकरी आहे, नाहीतर सिनेमातला मोठा बनेश शोधत बसेल.

प्रश्न : मी आठवीत आहे. मराठीतून फेलूदाची पुस्तकं वाचली, खूप आवडली. पण यात मुली का नाहीत?
– ठाणे

शाब्बास, अगदी बरोबर पकडलंस! फेलूदा म्हणजे सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर, अशोक जैन यांचे अनुवाद छान आहेत, त्याचा चुलतभाऊ तोपशे आपल्यालाच गोष्ट सांगतोय असं वाटतं, ‘सोनार केल्ला’मध्ये ट्रेनमध्ये रहस्यकथा लिहिणारे जटायू भेटतात तिथून तर पुस्तक खाली ठेववत नाही. पण फेलूदा, तोपशे, जटायू, तिघंही पुरुष, आणि बाकीच्या गोष्टींतही बाई क्वचितच येते. राय यांनी पहिली फेलूदा कथा 1965 साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी लिहिली, पण ‘मुलांचं’ मासिक मुलीपण वाचतातच की, त्यामुळे मला हे उणंच वाटतं आणि तसं म्हणायला काही हरकत नाही, फेलूदा आवडत असूनही.

फेलूदा शेरलॉक होम्सला गुरू मानतो ना, मग तू नॅन्सी स्प्रिंगर यांची एनोला होम्स वाच, ती शेरलॉकची धाकटी बहीण. चौदाव्या वाढदिवसाला आई घरातून नाहीशी होते आणि मागे सांकेतिक चिठ्ठ्या ठेवून जाते, काही खुणा तर फुलांच्या अर्थांवरून लावायच्या. सिनेमा बघितला असलास तरी वाच, कोडी सोडवायला पुस्तकात वेळ मिळतो.

प्रश्न : आमच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, लायब्ररी नावालाच आहे. मुलांना काय द्यायचं?
– एक शिक्षक, जालना जिल्हा

सर, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट आहेत. शाळेच्या कॉम्प्युटरवर एकदा डाउनलोड करून ठेवा आणि दिवाळी अंकांपासून सुरुवात करा, ते जाड असतात, चित्रंही भरपूर. प्रोजेक्टर असेल तर एक गोष्ट भिंतीवर मोठी करून सगळ्या वर्गाने मिळून वाचा, नसेल तर चार-पाच पानांच्या प्रिंट काढून मुलांच्या हातात द्या, फाटल्या तर फाटू देत.