गिलोटिन: नाव आधी, यंत्र नंतर

विचारणा अशी आहे: "अर्थसंकल्पाच्या बातमीत 'उरलेल्या मागण्यांवर गिलोटिन' असं वाचलं. हा फ्रेंच राज्यक्रांतीतलाच शब्द का? आणि ज्या डॉक्टरने ते यंत्र बनवलं, त्याचंच डोकं त्याखाली उडालं हे खरं का?"

शब्द तोच. डॉक्टरांबद्दलच्या दोन्ही गोष्टी मात्र खोट्या आहेत, आणि त्या माणसावर अन्याय करणाऱ्या आहेत.

झोझेफ-इग्नास गियोतँ हे पॅरिसचे डॉक्टर आणि राष्ट्रीय सभेचे, म्हणजे क्रांतिकाळातल्या फ्रेंच संसदेचे, सदस्य. तेव्हा फ्रान्समध्ये देहदंडातही उच्चनीच होता. सरदाराचं मुंडकं तलवारीने उडवत, सामान्याला फासावर लटकवत, काहींना तर चाकावर बांधून हाडं मोडत मारत. गियोतँ मुळात देहदंडाच्याच विरोधात होते. तो रद्द होत नसेल तर निदान सगळ्यांना सारखा आणि कमीत कमी यातनांचा असावा, एवढं त्यांनी १७८९ मध्ये मागितलं. यंत्राने मान क्षणात उडेल, कळणारही नाही, असं ते डिसेंबरात सभेत बोलले आणि हशा पिकला. राजाच्या बाजूच्या एका वृत्तपत्राने लगेच टवाळीचं गाणं छापलं आणि त्यांच्या नावाला स्त्रीलिंगी शेपूट लावून न बनलेल्या यंत्राचं बारसं उरकलं: 'गियोतीन'. आपल्याकडे शब्द इंग्रजीतून आला, म्हणून 'गिलोटिन'.

यंत्र उभं राहिलं १७९२ मध्ये. आराखडा शल्यविशारद आंत्वान लुई यांचा, बांधणी तोबियास श्मिट या जर्मन कारागिराची. श्मिट एरवी हार्प्सिकॉर्ड ही वाद्यं बनवायचा. काही दिवस यंत्राला लुई यांच्या नावावरून 'लुइझेत' असंही म्हणत, पण गाण्यातलं नाव टिकलं.

कल्पनाही अगदी नवी नव्हती. स्कॉटलंडचं 'मेडन' आणि इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचं असंच यंत्र शतकांपूर्वीचं. पॅरिसच्या यंत्रातलं पातं तिरकं होतं, आणि सगळी खुबी त्या तिरकेपणात आहे. आडवी सरळ धार पडली की एकदम दाबते, चेचते. तिरकी धार एका टोकाला टेकते आणि सरकत कापत जाते, विळीवर भाजी ओढून चिरावी तशी. पात्यावर जड ठोकळा बसवलेला असे. दोन उंच खांबांच्या खाचांतून तो सरळ खाली येई. मान अडकवायच्या दोन अर्धगोल फळ्यांना फ्रेंचमध्ये 'ल्युनेत' म्हणत, म्हणजे छोटा चंद्र.

पहिला बळी २५ एप्रिल १७९२ रोजी, निकोला पेल्तिए नावाचा दरोडेखोर. पुढच्या जानेवारीत फ्रान्सचा राजा सोळावा लुई. गियोतँ मात्र १८१४ मध्ये आजारपणाने वारले. फ्रान्समधल्याच लियाँ शहरात त्याच आडनावाच्या एका डॉक्टरचा शिरच्छेद झाला होता, त्यावरून घोळ झाला असावा. फ्रान्समध्ये गिलोटिन शेवटचं चाललं १९७७ मध्ये, आणि देहदंड गेला १९८१ मध्ये.

आता तुमची बातमी. चर्चेला मुदत घालून ती एका झटक्यात तोडण्याला 'गिलोटिन' म्हणायची रीत ब्रिटिश संसदेतली, तिथून ती आपल्याकडे आली. मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, चर्चेसाठी दिवस ठरलेले असतात. ते संपले की लोकसभेचे अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. म्हणजे तोडली जाते ती चर्चा. मागण्या बहुधा मंजूरच होतात. 'मागण्यांवर गिलोटिन' वाचून मागण्या फेटाळल्या गेल्या असं वाटतं, म्हणून बातमीत 'चर्चेविना मंजूर' असं सरळ लिहावं, हे माझं मत.